चाहत्यांची जत्रा आणि चित्रकाराची मजुरी

दरवर्षी जुलैच्या आरंभी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे ‘ॲनिमे एक्स्पो’ भरतो आणि जपानी ॲनिमेपटांच्या प्रेमापोटी लाखाहून अधिक माणसे तेथे लोटतात. टोकियोतील ‘कॉमिक मार्केट’ वर्षातून दोनदा भरते. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच्या चार दिवसांतील उपस्थिती सात लाखांच्या वर गेली होती. आवडत्या पात्रांचे वेश करून रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या या तरुणांकडे पाहून डाव्या चळवळीतील अनेकजण नाक मुरडतात. हा पोरखेळ आहे, ही भांडवलशाहीने तरुणांना चारलेली अफूची नवी गोळी आहे, असा निर्वाळा देऊन ते मोकळे होतात. हा निर्वाळा सोयीचा आहे. परंतु तो खरा नाही.

‘कॉमिक मार्केट’चा जन्मच मुळी निषेधातून झाला. त्या वेळच्या एका प्रस्थापित चाहता-संमेलनाने आपल्यावर टीका करणाऱ्यास प्रवेश नाकारला, तेव्हा तरुण समीक्षकांच्या एका गटाने डिसेंबर १९७५ मध्ये स्वतःचा मेळावा भरविला. बत्तीस मंडळे आणि सुमारे सातशे माणसे, एवढाच त्याचा पसारा होता. येथे कोणी ग्राहक नाही. विकणारा, घेणारा आणि व्यवस्था पाहणारा स्वयंसेवक हे सारे सारखेच सहभागी होत, हे त्याचे तत्त्व आजही सांगितले जाते. जी माणसे पदरमोड करून चित्रकथा छापतात आणि स्वयंसेवेच्या बळावर लाखोंची गर्दी सांभाळतात, त्यांना बावळट गिऱ्हाईक म्हणणाऱ्याला संघटन म्हणजे काय हेच उमगलेले नाही.

मग आक्षेप कशाला? आक्षेप उत्सवाला नाही, उत्सवाच्या मांडवात जे दिसू दिले जात नाही त्याला आहे. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या गणेशोत्सवाच्या कमानी पुढे जाहिरातदारांच्या कशा झाल्या, हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला सांगावयास नको. तेच येथे घडले आहे. मोठमोठ्या दालनांतून कंपन्यांची बोधचिन्हे झळकतात, बाहुल्या नि सदरे विकले जातात, गाजलेल्या दिग्दर्शकांचे स्वागत होते. ज्याच्या हातून हजारो चित्रे उतरली तो चित्रकार मात्र या झगमगाटात कोठेच नसतो.

जपानच्या ॲनिमेशन कारागिरांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढणाऱ्या कामगाराचे वार्षिक उत्पन्न सरासरी अकरा लाख येन होते. त्याच काळात जपानमधील पगारदाराची सरासरी कमाई एक्केचाळीस लाख येनांच्या घरात होती. २०१९ च्या पाहणीत एकूण सरासरी वाढली, पण या तळच्या चित्रकाराची अवस्था फारशी पालटली नाही. तो बहुधा नगावर मजुरी घेतो: जितकी चित्रे, तितके पैसे. विडी कामगाराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

यावर उत्तर दिले जाते की बाजार वाढला म्हणजे मजुरी आपोआप वाढेल. बाजार तर वाढलाच आहे! २०२३ मध्ये या उद्योगाची उलाढाल ३ लाख ३४ हजार कोटी येनांवर पोहोचली आणि तिचा निम्म्याहून अधिक वाटा परदेशांतून आला. पण हा पैसा जातो कोठे? दूरचित्रवाणी केंद्रे, प्रकाशक, खेळणी-कंपन्या आणि जाहिरात-संस्था मिळून ‘निर्मिती समिती’ स्थापतात, भांडवल घालतात आणि हक्क आपल्याकडे ठेवतात. स्टुडिओच्या हाती सामान्यतः ठरीव रक्कम पडते. चित्रपट गाजला तर नफा समितीचा. चित्रकाराच्या वाट्याला पुढच्या कामाची घाई. अशा रचनेत यश झिरपून खाली येत नाही, कारण झिरपण्याची वाटच करारात बुजविलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या व्यवसाय व मानवी हक्क कार्यगटानेही २०२४ च्या अहवालात या उद्योगातील अल्प वेतन, अतिरिक्त कामाचे तास आणि अन्याय्य करार यांवर बोट ठेवले आहे.

ही दुरवस्था म्हणजे कलेचे प्राक्तन नव्हे. १९६१ मध्ये तोएई स्टुडिओत कामगार संघटना उभी राहिली. आज ज्यांच्या नावाचा जगभर जयजयकार होतो ते हायाओ मियाझाकी १९६४ मध्ये तिचे सरचिटणीस होते आणि इसाओ ताकाहाता उपाध्यक्ष. मियाझाकींच्या पात्रांचे वेश करणाऱ्या किती तरुणांना हे ठाऊक असते? १९७२ मध्ये त्याच स्टुडिओत कामगारकपात आणि टाळेबंदी आली. पुढे काम दक्षिण कोरिया, फिलिपाईन्स अशा देशांतील स्वस्त हातांकडे वळविण्यात आले. गिरणगावाचा इतिहास ज्याने पाहिला, त्याला या कथेतील एकही पान अनोळखी वाटणार नाही.

नोव्हेंबर २०२४ पासून जपानमध्ये स्वतंत्र कारागिरांच्या संरक्षणाचा कायदा अमलात आला आहे. लेखी अटी आणि वेळेवर मोबदला यांची हमी त्यात आहे. ते स्वागतार्हच आहे. पण एकट्या चित्रकाराच्या हाती कायद्याचा कागद दिल्याने तो बलाढ्य समितीच्या बरोबरीचा होत नाही. त्याला संघटना हवी आणि त्या संघटनेमागे उभे राहणारे चाहते हवेत. मुंबई-दिल्लीच्या कॉमिक कॉनमध्ये आता ॲनिमेचे वेड दिसू लागले आहे. तेव्हा हा प्रश्न परका राहिलेला नाही. त्या तरुणांना हिणवून चळवळीचे काय साधणार? कार्यकर्त्यांनी त्यांच्या रांगेत उभे राहावे आणि एकच प्रश्न त्यांच्या तोंडी घालावा: ज्या चित्रासाठी एवढी गर्दी लोटली, ते काढणाऱ्याला मजुरी काय मिळाली? हा प्रश्न लाख मुखांनी विचारला गेला, तर कंपन्यांना त्याचे उत्तर द्यावेच लागेल.