चष्मा आड येत नाही, रंग येऊ शकतो

लोणार-मेहकर भागात एखादं पोरगं ‘मला पायलट व्हायचंय’ म्हणालं, की घरातले आधी त्याच्या नाकाकडे बघतात. नाकावर चष्मा असला तर निकाल तिथेच लागतो. ‘डोळे लागतात त्याला,’ कुणीतरी सांगतं आणि पोरगं निमूटपणे अभियांत्रिकीचा फॉर्म भरतं. चष्मा नसला तर उलटा घोटाळा. डोळे ठणठणीत आहेत असं धरून घरचे थेट फीची जुळवाजुळव करायला लागतात.

दोन्ही चुकतात. पहिल्या गैरसमजाचं मूळ हवाई दलात आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून, हवाई दलाच्या उड्डाण शाखेत जाणाऱ्याला जवळजवळ नैसर्गिक, स्वच्छ नजर लागते; मायनस नंबरला तिथे फारसा थारा नाही. आपल्याकडे करिअरची माहिती बहुतेक एनडीएच्या क्लासमधून येते. त्यामुळे लढाऊ विमानाचा नियम प्रवासी विमानालाही लागू, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम मात्र वेगळा आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या क्लास वन वैद्यकीय तपासणीत प्रत्येक डोळ्याने 6/9 आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून 6/6 दिसलं पाहिजे, चष्म्यासह किंवा चष्म्याविना. 6/9 म्हणजे निकोप डोळा जी ओळ नऊ मीटरवरून वाचतो, ती तुम्हाला सहा मीटरवरून वाचता येणं. चष्मा काढल्यावर किती दिसावं, याची किमान मर्यादा या नियमात नाही. अटी आहेत त्या व्यवहाराच्या: उडताना चष्मा लावायचा, दुसरा जोड हाताशी ठेवायचा, कॉन्टॅक्ट लेन्स वापरलीच तर ती रंगीत किंवा बहुनंबरी नको. जवळचं वाचनही तपासतात, कारण समोरचं पॅनेल आणि मांडीवरचा नकाशा दोन्ही दिसावे लागतात. चाळिशी लागलेले कॅप्टन दुनियाभर विमानं उडवत आहेतच.

चष्म्याच्या नंबराचा असा बाऊ करताना रंगांचा विषय मात्र कुणाच्या डोक्यातही येत नाही. शाळेतल्या तपासणीत सहसा दूरची अक्षरं वाचायला लावतात, की झालं. लाल-हिरव्या रंगांत गल्लत करणारा डोळा अक्षरं खणखणीत वाचतो. दोष जन्मजात असतो, बहुधा आईकडून मुलाकडे येतो आणि मुलींत क्वचितच दिसतो. युरोपीय वंशाच्या शंभर पुरुषांत सुमारे आठ जणांना तो असतो. आपल्याकडच्या पाहण्यांत प्रमाण त्याहून कमी आढळलं आहे. ज्याला आहे त्याला पत्ताच नसतो, कारण त्याने दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी जग पाहिलेलं नसतं. 2020 च्या जूनमध्ये आपल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागचे खारप्रेमी सूक्ष्मजीव शोधले, देशभर फोटो फिरले. तो बदल गावातल्या काही पोरांना आपल्याइतका ठळक दिसलाच नसेल, आणि ती गर्दीबरोबर ‘हो, गुलाबी’ म्हणाली असतील.

वैमानिकाला अशी मान डोलावून चालत नाही. धावपट्टीशेजारी पापी नावाचे चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतरण्याचा कोन बरोबर. चारही लाल दिसले तर विमान फार खाली आलंय. 26 जुलै 2002 च्या पहाटे अमेरिकेत टॅलाहासीला फेडेक्सचं मालवाहू बोईंग 727 धावपट्टीआधीच झाडांना धडकलं. तिघेही कर्मचारी जखमी झाले, पण वाचले. चौकशीत वैमानिकांनी उतरण्याचा कोन नीट राखला नाही, हे मुख्य कारण निघालं. पण थकव्याबरोबरच विमान चालवणाऱ्या सहवैमानिकाचा रंगदृष्टिदोषही कारणीभूत घटकांत नोंदवला गेला. आणि त्याच्याकडे वैद्यकीय प्रमाणपत्र होतं!

रंगदोष तपासायच्या, रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायला लावणाऱ्या पाट्या इशिहारा या जपानी लष्करी डॉक्टरने 1917 मध्ये प्रसिद्ध केल्या. दोष हेरायला त्या उत्तम, पण माणूस कामाला लायक आहे की नाही हे त्या सांगत नाहीत. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमाने पाट्यांत नापास झालेल्यालाही दार ठेवलं आहे: विमानांच्या कामातले रंगीत दिवे अचूक ओळखता आले, तर तो पात्र ठरू शकतो. ब्रिटनमध्ये लंडनच्या सिटी विद्यापीठाने संगणकावरची चाचणी तयार केली, तिच्यात दोष किती आणि तो कामाला बाधतो का हे मोजतात. मला हा मार्ग पटतो. अशी मोजणी आपल्या पोरांनाही सहज मिळायला हवी.

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने रंगदोषामुळे एका विद्यार्थ्याला संकलनाच्या अभ्यासक्रमात प्रवेश नाकारला होता. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेची दारं अशा विद्यार्थ्यांना उघडायला लावली. योग्यच झालं. पण तोच न्याय कॉकपिटला जसाच्या तसा लावा, असं म्हणणाऱ्यांशी माझं जुळत नाही. संकलकाच्या शेजारी रंग सांगायला दुसरा माणूस बसू शकतो. पहाटेच्या अंधारात उतरताना तेवढी सवड नसते, आणि मागे बसलेल्या प्रवाशांना कुणी विचारलेलं नसतं.

आता पैशाकडे. गोंदियाजवळ बिरसीला, बारामतीला वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. अमरावतीच्या बेलोऱ्यालाही एअर इंडियाने अकादमी उभारायला घेतली आहे. एप्रिल 2025 पासून तिथून मुंबईचं विमान उडतं, तेव्हा विदर्भातल्या पोरांची स्वप्नं आता वाढणारच. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं, खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. सोयाबीनवर घर चालवणाऱ्या बापाला एवढे पैसे जमीन विकल्याशिवाय उभे करता येत नाहीत. म्हणून तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी नेत्रतज्ज्ञाकडे नंबर आणि इशिहारा, ज्याला काही शे रुपये पुरतात. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू वैद्यकीय तपासणी. त्यानंतर क्लास वन, जी पहिल्यांदा ठरलेल्या केंद्रांवरच होते. बेंगळुरूची हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था त्यातलं नावाजलेलं केंद्र. अकादमीची पावती या सगळ्यानंतर फाडायची. प्रवेशाच्या टेबलावर बसलेला माणूस ‘मेडिकल काय, होऊन जाईल’ म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा: नाही झालं तर फी परत मिळेल, हे लिहून देता का?

– लोणारकर