आवडता उतारा, टोचणारा उतारा

कादंबरी वाचता वाचता एखादे पान थांबवते. आपण मोबाइल काढतो, पानाचा फोटो घेतो, दोन ओळींखाली रेघ ओढतो आणि ग्रुपवर पाठवतो. कुणी स्टेटसला ठेवते, कुणी आवाजात वाचून पाठवते. वाचनाची आवड असलेल्या आपल्या मुलामुलींमध्ये हे आता सर्रास चालते आणि ते चांगलेच आहे. पुस्तकाचे परीक्षण वाचून जितके लोक कादंबरीकडे वळत असतील, त्याहून अधिक लोक मित्राने पाठवलेल्या एका पानामुळे वळतात. प्रश्न वेगळा आहे. आपण कोणते उतारे पाठवतो आणि कोणते पान मुकाट्याने उलटून पुढे जातो?

राही मासूम रझांची ‘आधा गाँव’ घ्या. १९६६ साली आलेली ही हिंदी कादंबरी देवनागरीतच आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ती अनुवादाशिवाय वाचता येते. त्यातली भोजपुरी वळणाची उर्दू पहिली वीस-पंचवीस पाने अडखळायला लावते, मग कानाला सवय होते. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातले गंगौली हे रझांचे स्वतःचे गाव. तिथली शिया सय्यद घराणी, त्यांचा मोहरम, त्यांची भांडणे आणि फाळणीच्या आगेमागे त्या गावाचे झालेले तुकडे, असा या कादंबरीचा पट आहे.

या कादंबरीतला एक प्रसंग वाचणाऱ्याला हमखास आवडतो. १९४२च्या आंदोलनात कासिमाबादच्या ठाण्यावर जमाव चालून जातो, त्यात फुन्नन मियाँचा मुलगा मुमताज मारला जातो. पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर तिथल्या शहिदांच्या आठवणीसाठी सभा भरते. पुढारी भाषण करतो, शहिदांची नावे घेतो, त्यात मुमताजचे नाव नसते. म्हातारा बाप उठतो आणि माझाही एक मुलगा इथेच मेला, असे सांगतो. रझांनी इथे शब्द फार कमी वापरले आहेत. रडारड नाही, घोषणा नाही. आपल्यापैकी ज्याला ज्याला कधी देशप्रेमाचा दाखला मागितला गेला आहे, त्याला हे पान आपले वाटणारच. ते पाठवावे, मोठ्याने वाचावे, ज्यांनी रझांचे नाव फक्त दूरदर्शनच्या ‘महाभारत’ मालिकेचे संवादलेखक म्हणून ऐकले आहे त्यांना तर आवर्जून पाठवावे.

तसाच दुसरा प्रसंग अलिगढहून मुस्लीम लीगच्या प्रचाराला आलेल्या शिकलेल्या पोरांचा. गावातले लोक त्यांना साधे प्रश्न विचारतात आणि त्या पोरांची पंचाईत होते. पाकिस्तान झाल्यावर आमच्या गावाचे काय, शेतीचे काय, आमच्या मोहरमचे काय? फाळणी सगळ्या मुसलमानांनी मागितली असे उठसूट सांगणाऱ्याला द्यायला याहून चांगले उत्तर क्वचितच सापडेल.

पण त्याच कादंबरीत आणखीही पाने आहेत. सय्यदांना आपल्या हाडाचा केवढा अभिमान आहे, कुणाच्या रक्तात भेसळ झाली याच्या चर्चा कशा रंगतात, गावातल्या जुलाह्यांकडे ते कोणत्या नजरेने पाहतात, खालच्या जातीची बाई घरात ठेवली तरी तिच्या मुलांना कोणती जागा मिळते, हे सगळे रझांनी तितक्याच बारकाईने लिहिले आहे. जमीनदारी गेल्यावर या मियाँलोकांची जी अवस्था होते आणि ज्यांना उभे केले जात नव्हते त्यांच्यातला एक जण आमदार होऊन येतो, तेव्हा लेखकाची सहानुभूती एका बाजूला बांधलेली नसते. ही पाने कुणी स्टेटसला ठेवत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की फुन्नन मियाँ पाठवणाऱ्याने जुलाह्यांचे पानही पाठवावे. मुस्लीम ओबीसींची चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली, वाढली. अन्सारी, बागवान, पिंजारी, अत्तार, कुरेशी, छप्परबंद ही नावे आपल्याच वर्गात, आपल्याच मोहल्ल्यात आहेत. लग्न ठरवताना ‘खानदान’ विचारले जाते तेव्हा काय विचारले जात असते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. इस्लाममध्ये जात नाही हे वाक्य खरे असूनही मुसलमानांमध्ये जात कशी वागते, हे समजून घ्यायला गंगौलीचा आधार होतो. आपण फक्त जखम दाखवणारी पाने निवडत गेलो, तर हळूहळू आपली अशी समजूत होते की आपल्यावर फक्त अन्याय होतो, आपल्या हातून तो कधी होत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आधीच चहूबाजूंनी टीका चालू आहे. त्यात आपल्याच लेखकांनी आपल्याबद्दल लिहिलेले कडू आपणच पसरवायचे? तो फोटो उद्या कुठल्या ग्रुपवर जाईल, कोण त्याला कसला मथळा देईल, याची काय खात्री? खात्री नाहीच. पण न पाठवल्याने ते पान पुस्तकातून नाहीसे होत नाही. ज्याला ते वाईट हेतूने वापरायचे आहे, तो ते वापरणारच. फरक एवढाच पडतो की आपल्या मुलांना ते पान पहिल्यांदा दिसते तेच त्याच्या मथळ्यासह दिसते. सारा अबूबकर यांच्या ‘चंद्रगिरीय तीरदल्ली’ या कन्नड कादंबरीतली नादिरा (इंग्रजीत ही कादंबरी ‘ब्रेकिंग टाइज’ नावाने आहे) आधी बापाच्या हट्टापायी नवऱ्यापासून तोडली जाते आणि मग त्याच्याकडे परतायचे तर एका रात्रीचा दुसरा निकाह तिच्यापुढे ठेवला जातो. ही गोष्ट टीव्हीवरच्या आरडाओरड्यात ऐकली तर आपण लगेच बचावाचा पवित्रा घेतो. एका मुस्लीम बाईने आपल्या भागातल्या बायकांसाठी लिहिलेली म्हणून शांतपणे वाचली, तर आपण नादिराचा विचार करतो. उतारा आपल्या हातून आपल्या माणसांपर्यंत जाणे म्हणूनच महत्त्वाचे.

मराठीत हमीद दलवाईंची ‘इंधन’ आहे, १९६५ची. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला मुसलमान निवेदक, गावातल्या हिंदूंच्या वेगवेगळ्या जाती, नवबौद्ध, मुसलमान, त्यांचे जुने संबंध, आणि एका ठिणगीने ते कसे पेटतात याची ही गोष्ट. दलवाईंची मते पटणारे आणि न पटणारे, दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्या भाषणांवर आणि लेखांवर भांडतात. कादंबरी मात्र फार कमी जणांनी हातात घेतलेली असते. ज्यांना दलवाई अजिबात मान्य नाहीत, त्यांनीही ती वाचावी असे मला वाटते. त्यात उपदेश करणारा सुधारक भेटत नाही. दोन्हीकडच्या माणसांना ओळखणारा आणि कुणालाच थांबवू न शकणारा माणूस भेटतो.

आता थोडे पद्धतीविषयी. उतारा बिघडतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिले, बोलणारा कोण हे सांगितलेले नसते. कादंबरीत द्वेषाने बोलणारे पात्र असते, खोटे बोलणारे असते, घाबरलेले असते. त्या पात्राचे वाक्य लेखकाच्या नावाखाली फिरू लागले की लेखकावर अन्याय होतो आणि वाचणाऱ्याची फसवणूक होते. दुसरे, कादंबरीचे नावच नसते. मंटोच्या आणि इस्मत चुगताईंच्या नावावर अशी कितीतरी वाक्ये फिरत असतात, ज्यांना पुस्तकही नाही आणि पानही नाही. म्हणून साधा नियम करावा: कादंबरी, लेखक, पान क्रमांक, बोलणारे पात्र आणि आधी काय घडले याची एक ओळ. एवढे लिहायचा कंटाळा येत असेल, तर तो उतारा आपण नीट वाचलेलाच नाही असे समजावे.

पानभर उतारा पाठवणे वेगळे आणि सगळ्या पुस्तकाची पीडीएफ फिरवणे वेगळे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतात. दलवाई १९७७ साली वारले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत त्यांचे लेखन हक्काधीन आहे. मराठीत अशा पुस्तकांच्या आवृत्त्या आधीच मोजक्या निघतात. उतारा आवडला तर पुस्तक विकत घ्यावे, नाही जमले तर गावातल्या ग्रंथालयात मागणी नोंदवावी. चार वाचकांनी तेच पुस्तक मागितले तर ग्रंथपाल त्याचा विचार करतो.

उतारे मोठ्याने वाचण्याचा एक फायदा तर लिहून कळणार नाही. आपल्यातले कुणी घरी दखनी बोलते, कुणी कोकणी, कुणी सोलापुरी वळणाची मराठी. शाळेत मात्र एकच मराठी चालते. गुलशेर खान शानींच्या ‘काला जल’ची उभारणीच शब-ए-बरातच्या फातिह्यावर केलेली आहे. घरातल्या एकेका मेलेल्या माणसाच्या नावाने फातिहा होतो आणि त्या माणसाची गोष्ट उलगडत जाते. बस्तरमधल्या एका मुस्लीम कुटुंबाची ही कहाणी वाचताना हलव्याचा वास आणि आजीने घेतलेली नावे आपल्याला आठवतात. वर्गातल्या मराठी मित्राला हे सगळे अनोळखी असते. त्याला हे पान वाचून दाखवा, मग त्याच्याकडून त्याच्या घरच्या पितृपक्षाची गोष्ट ऐका. सलोख्यावरच्या दहा भाषणांनी होत नाही ते अशा अर्ध्या तासात होऊ शकते.

मुलींबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. अनेक घरांत मुलीचा मोबाइल भाऊ पाहतो, अम्मी पाहते. ‘टेढी लकीर’मधल्या शम्मनच्या वाढत्या वयाचे पान तिने पाठवले तर घरात चौकशी सुरू होते, भावाने तेच पाठवले तर त्याला वाचनाची आवड आहे असे म्हणतात. वाचणाऱ्या भावांनी निदान एवढे करावे: बहिणीने काय वाचले ते तपासण्याऐवजी आपण काय वाचले ते तिला सांगावे.

महिन्यातून एक रविवार, सहा-सात जण, कुणाच्या तरी ओट्यावर किंवा वाचनालयाच्या खोलीत. प्रत्येकाने दोन पाने आणायची. एक आवडलेले, एक टोचलेले. दुसरे पान वाचून झाल्यावर पाच मिनिटे कुणीही लेखकाला शिव्या द्यायच्या नाहीत आणि समाजालाही नाहीत. ते पान खरे आहे का, आपल्या गल्लीत असे घडते का, एवढेच बोलायचे. सुरुवात ‘आधा गाँव’पासून करायला हरकत नाही. पहिल्या बैठकीला फुन्नन मियाँ वाचा, आणि दुसरे पान जुलाह्यांचे ठेवा.