रीस्टार्टची मलमपट्टी

४ नोव्हेंबर १९९२ रोजी पहाटे दोननंतर लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची नवी संगणक यंत्रणा आधी मंदावली आणि मग ठप्पच झाली. नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्यांनी, अशा वेळी करायला सांगितले होते त्याप्रमाणे, संगणक बंद करून पुन्हा सुरू केले. उपयोग झाला नाही. राखीव सर्व्हरने ताबा घ्यायला हवा होता, त्यानेही तो घेतला नाही. शेवटी कागद आणि टेलिफोनवर गाड्या धाडाव्या लागल्या. त्याआधी २६ ऑक्टोबरला यंत्रणा सुरू होताना उडालेला गोंधळ जास्त गाजला. त्याची कारणे निराळी. या पहाटेचे कारण चौकशी अहवालात नोंदलेले आहे आणि ते लाज वाटावी इतके किरकोळ आहे. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रामरकडून कोडचा एक तुकडा चुकून आत राहिला होता. गाडी पाठवण्याचा आदेश निघाला, की तो तुकडा सर्व्हरची थोडी मेमरी अडवी आणि सोडत नसे. थोडी थोडी करत सगळी संपली.

हीच मेमरी लीक. प्रोग्राम कामापुरती जागा मागून घेतो. ती परत करायची राहिली तर तो बंद होईपर्यंत ती अडकून पडते. तो बंद झाला की ऑपरेटिंग सिस्टिम सगळी जागा काढून घेते, म्हणून रीस्टार्ट लागू पडतो. आणि लागू पडतो म्हणूनच तो घातक आहे. हिंजवडी काय नि बंगळुरू काय, ‘मेमरी चढली, रीस्टार्ट मार’ हा सपोर्टवाल्यांचा नित्यपाठ झाला आहे. पुढे कोणीतरी क्रॉनमध्ये एक ओळ टाकतो, सर्व्हर रोज रात्री आपोआप रीस्टार्ट होऊ लागतो, आणि तक्रार मिटली असे सर्वानुमते ठरते. लंडनमध्ये तर तोही लागू पडला नाही, कारण रीस्टार्ट झाले ते टेबलावरचे संगणक. मेमरी भरली होती सर्व्हरची.

‘आमचे सगळे जावात आहे, तिथे लीक होत नाही’ हे उत्तरही ऐकू येते. ते खोटे आहे. गार्बेज कलेक्टर फक्त कोणी धरून न ठेवलेल्या वस्तू झाडतो. मर्यादा न घातलेला कॅश, नोंदवून न काढलेला लिसनर यांनी धरलेले ओझे त्याच्या दृष्टीने वापरातलेच असते.

साधने नाहीत म्हणावे तर तेही नाही. नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज यांनी त्याआधी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, नाव कमावले ते प्युरिफाय या लीक शोधणाऱ्या साधनावर. ज्युलियन सीवर्ड यांचे व्हॅलग्राइंड २००२पासून फुकट मिळते. ते प्रोग्राम कित्येक पटींनी मंदावते खरे, पण न सोडलेली जागा कोडच्या कोणत्या ओळीत घेतली ते दाखवते. जावात तर त्याहून सोपे: तेच काम हजारदा करायला लावा, आधी एक आणि नंतर एक असे दोन हीप डंप (त्या क्षणी मेमरीत असलेल्या वस्तूंची नोंद) घ्या, कोणत्या वस्तू वाढल्या ते पाहा आणि त्यांना कोणी धरले आहे ते शोधा.

मात्र हे सगळे सुरळीत चाललेल्या कामावर करून भागत नाही. २२ ऑक्टोबर २०१२ रोजी अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊड सेवेतला मोठा बिघाड झाला तो माहिती गोळा करणाऱ्या एका दुय्यम प्रोग्राममुळे. त्याला ज्या सर्व्हरशी बोलायचे होते तो सापडेना. तो प्रोग्राम प्रयत्न करत राहिला आणि त्यात हळूहळू मेमरी खात गेला. सर्व्हर सापडत होता तोवर दोष झोपून होता. चाचणी घ्यायची ती अशा अडलेल्या वाटेवर. आपल्याकडे तिथे सहसा कोणी फिरकत नाही, कारण डेमोमध्ये ती वाट दाखवायची नसते.

रोज रात्रीच्या रीस्टार्टची ओळ ज्यांच्या सर्व्हरवर आहे, त्यांनी ती कोणी आणि कशासाठी घातली हे या आठवड्यात शोधावे. चाचणीच्या सर्व्हरवरून ती काढावी, आणि मेमरीचा आलेख चढू लागला तर रीस्टार्टच्या आधी हीप डंप घ्यावा.