वकिलातीचा कागद

तेरा-चौदा लाख वस्तीच्या एस्टोनियाला देशोदेशी वकिलाती कशाला, असे आपल्याकडील सुशिक्षितही हसून विचारतात. हा उपहास आम्हांस मान्य नाही.

१९४० साली सोव्हिएत संघाने हा देश गिळला. अमेरिकेने २३ जुलै १९४० रोजी त्या बळजबरीचा निषेध केला, विलीनीकरणास मान्यता दिली नाही. त्यामुळे न्यूयॉर्कमधील एस्टोनियाची वाणिज्य वकिलात चालूच राहिली. पाठीशी सरकार नाही, नकाशावर देश नाही. तरी तेथून पारपत्रे दिली जात! १९६५ पासून एर्न्स्ट याक्सन यांनी महावाणिज्यदूत म्हणून ती सांभाळली. आणि हा नुसता कागदी खेळ असेल, तर स्वीडनने वकिलातीची वास्तू व ठेवीतले सोने सोव्हिएतांच्या हवाली का केले? ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये विलीनीकरणास दिलेली मान्यता १९७५ मध्येच मागे का घेतली? कागदाचे मोल बलाढ्यांना चांगले कळते. हसतो तो आपल्यासारखा त्रयस्थ.

म्हणूनच ऑगस्ट १९९१ मध्ये एस्टोनियाने नवे राज्य मागितले नाही, जुनेच पुन्हा सुरू झाल्याचे सांगितले. भारतानेही त्याच सप्टेंबरात मान्यता दिली. मात्र याच सातत्याच्या न्यायाने, सोव्हिएत काळात येऊन वसलेल्या बहुतेक रशियन भाषकांना आपोआप नागरिकत्व मिळाले नाही. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांती नांदलेल्या आम्हांस ते खुपते. पण तो दोष नागरिकत्वाच्या कायद्याचा. न्यूयॉर्कच्या त्या कचेरीच्या माथी तो मारता येणार नाही.