दोन डोळे की वीस कॅमेरे?

ॲडमिशन संपली की हॉलमध्ये ॲन्टी-रॅगिंगची फिल्म ठरलेली. भीतीदायक म्युझिक, पोलिसांची जीप, शेवटी सूचना. पाच मिनिटांत मागच्या रांगा मोबाईलमध्ये!

पोरांना सरकारी फिल्म दाखवून सुधारायची ही पद्धत जुनी आहे. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बालगुन्हेगारीची मोठी चिंता होती. तेव्हा तिथल्या सरकारच्या क्राऊन फिल्म युनिटने १९४६ मध्ये सुधारशाळेतल्या मुलांवर 'चिल्ड्रन ऑन ट्रायल' काढली. आपल्याकडे १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आलं. थिएटरात मुख्य पिक्चरआधी त्यांचे माहितीपट दाखवणं सक्तीचं होतं. लोक काय करायचे? मुद्दाम उशिरा जायचे!

त्याच काळात गुन्हेगारांवरचा एक पिक्चर मात्र लोकांनी तिकीट काढून पाहिला. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७), कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यामागे खरी जागा आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे कैदी भिंतीशिवाय राहून शेती करू लागले. पिक्चरमधला जेलरही सहा खुन्यांना माळरानावर नेतो. पहारा नाही, फक्त त्याची नजर आणि विश्वास.

आपण राहतो हर्सूलला. शहरात हर्सूल म्हटलं की आधी जेलच आठवतं! कुणी म्हणेल, आम्ही काय कैदी आहोत? नाही ना! मग खुन्यांवर टाकता येतो तो विश्वास आपल्यावर का नको?

अर्थात रॅगिंग म्हणजे गंमत नव्हे. महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कॅमेरे हवेतच. पण कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो. रात्री दोनला फर्स्ट इयरचा पोरगा रडत बसला, तर तो कॅमेऱ्याला सांगणार का? शेजारच्या रूमचं दार वाजवायची त्याला हिंमत झाली पाहिजे.

म्हणून सुचवतो. यंदा टीव्ही रूममध्ये हा पिक्चर लावा. रेक्टर सरांनी आमच्यात बसून पाहावा. नंतर अर्धा तास चर्चा, आणि पहिल्यांदा फर्स्ट इयरने बोलायचं. मग एक महिना प्रत्येक मजल्याची जबाबदारी तिथल्या पोरांकडे द्या. नाही निभावली तर खुशाल काढून घ्या.

सुरुवात सरांनी करावी. निभावणं आपल्या हातात आहे!