एमएस्सीच्या शिडीने एमबीबीएस गाठता येतं का?

नीटला मार्क कमी पडले की मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याचे पालक आम्हा शिक्षकांना विचारतात, "सर, मुलगी आधी बीएस्सी, मग मेडिकलची एमएस्सी करेल. पुढे एमबीबीएसला घेतील ना?" कुणा एजंटाने तसं सांगितलेलं असतं.

घेणार नाहीत. अमेरिकेत मेडिकलला पदवीनंतर जातात. मार्क कमी असले तर काही मुलं मास्टर्स करून मग अर्ज करतात. आपल्याकडे ती सोय नाही. इथल्या मेडिकल कॉलेजांत ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीची तीन वर्षांची एमएस्सी असते. तिच्यातून शिकवण्याची, संशोधनाची वाट निघते, पेशंट तपासण्याचा परवाना मिळत नाही. एमबीबीएसचा दरवाजा एकच, नीट. परदेशात शिकून इथे डॉक्टरकी करायची तरी नीट लागतेच. वर २०२१ च्या नियमाप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा.

पण हा दरवाजा लवकर बंदही होत नाही. २०२२ पासून कमाल वयाची अट गेली. बीएस्सी करता करता नीट पुन्हा देता येते. पेपर मराठीत मिळतो, २०१८ पासून उर्दूतही. सरकारी मेडिकल कॉलेज आता अलिबागलाच आहे.

एमएस्सी चांगलीच आहे, पण त्या विषयाची आवड असेल तर करावी. अब्बांनी आखातात राबून साठवलेला पैसा एजंटाच्या हाती देण्याआधी एवढंच विचारा: या कोर्सनंतर डॉक्टर म्हणून नोंदणी होते का? उत्तर लेखी मागा. तो टाळाटाळ करू लागला, तर समजून जा.