पावसाची वही
डोंगरावरचा पाऊस कोणत्या वाटेनें नदीस मिळतो, हें गणित संगणकावर मांडण्यांत अमेरिकेंतील युटा राज्य विद्यापीठाचे डेव्हिड टारबोटन यांनीं पुष्कळ वर्षें वेंचलीं. नकाशाच्या एका चौकटींतलें सारें पाणी शेजारच्या आठांपैकीं एकीतच उतरतें, असें पूर्वीं धरीत. खऱ्या उताराप्रमाणें तें दोघींत वांटण्याची रीत त्यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केली, व तिची आज्ञावली सर्वांस विनामूल्य दिली. परंतु आमच्या मतें त्यांचें थोर काम निराळेंच. एका पावसाळ्याचीं मापें कपाटांत हरवलीं, तर तो पावसाळा पुन्हां मोजतां येत नाहीं. अशीं मापें सर्वांस खुलीं राहावींत म्हणून उभारलेल्या 'हायड्रोशेअर' भांडाराचे ते अग्रणी. श्रेय जाईल या भयानें वह्या दडविणारे विद्वान थोडे नाहींत. तेथें प्रसिद्ध केलेल्या मापांस कायमचा क्रमांक मिळतो, आणि वापरणाऱ्यास मूळ मोजणाऱ्याचें नांव सांगतां येतें.